ग्लासगोच्या ‘चिप’मध्ये पहिल्यांदा जेवायला जाताना

दर सप्टेंबरात ग्लासगो युनिव्हर्सिटीत नवी मुलं येतात आणि त्यांत आपली पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची असतातच. पहिले काही महिने वरणभात, मॅगी आणि सुपरमार्केटच्या थंड सँडविचवर निघतात. मग पदवीदान समारंभासाठी आई-बाबा येतात आणि माझा फोन वाजतो. “ताई, यांना एकदा इथलं खरं जेवण जेवायला घालायचंय. कुठे नेऊ? आणि तिथे गेल्यावर मागवू काय?”

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: ॲश्टन लेनमधलं ‘युबिक्विटस चिप’. इथले लोक नुसतं ‘चिप’ म्हणतात. दुसरा प्रश्न मोठा, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. यातलं बरंचसं स्कॉटलंडमधल्या अशा कुठल्याही जुन्या, मुरलेल्या रेस्टॉरंटला लागू पडेल.

आधी नावाचा घोळ मिटवू. नाव ऐकून बहुतेकांना हे बटाट्याच्या चिप्सचं दुकान वाटतं. १९७१ साली रॉनी क्लाइड्सडेल यांनी हे रेस्टॉरंट काढलं, तेव्हा ग्लासगोत बाहेर जेवायचं म्हणजे ताटात तळलेले बटाटे आलेच. जरा भारी ठिकाणी गेलात तर फ्रेंच नावांचं कार्ड हातात यायचं. स्कॉटलंडचं म्हणून काही जेवण असतं आणि ते पांढऱ्या टेबलक्लॉथवर वाढता येतं, हे स्कॉटिश माणसांनाच पटत नव्हतं. क्लाइड्सडेल यांनी चिप्सना टोमणा म्हणून नाव ठेवलं ‘जिकडेतिकडे चिप्स’ आणि चिप्स सोडून बाकी सगळं करायला घेतलं. १९७६ मध्ये ते ॲश्टन लेनमध्ये जुन्या तबेल्याच्या जागेत आले. २०१० मध्ये ते गेले, पुढे घरच्यांनी चालवलं आणि २०२२ मध्ये ही जागा एका मोठ्या पब कंपनीकडे गेली. ‘आता पूर्वीचं राहिलं नाही’ म्हणणारे तुम्हाला भेटतील. असे लोक प्रत्येक जुन्या हॉटेलच्या बाहेर उभे असतात, आपल्याकडेही.

क्लाइड्सडेल यांनी केलेली एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्यांनी मेनूकार्डावर गावांची नावं घातली. मासा कुठल्या बंदरातला, मटण कुठल्या खोऱ्यातलं, चीज कुणाच्या गोठ्यातलं. आज हे सगळीकडे दिसतं, तेव्हा नवल होतं. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आपण आंबा घेताना देवगडचा की रत्नागिरीचा विचारतो, तांदूळ आंबेमोहोर आणि तोही मावळातला हवा असतो. इथलं नव्या धाटणीचं स्कॉटिश जेवण तसंच वाचायचं. मसाल्याची करामत शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. बघायचा तो माल.

टेबल धरणं आणि वेळ

शुक्रवार-शनिवार संध्याकाळसाठी आधी टेबल धरायलाच हवं आणि पदवीदानाच्या आठवड्यात तर महिनाभर आधी. रेस्टॉरंटच्या वेबसाइटवर होतं, फोनवरही होतं. बुकिंग करताना तीन गोष्टी लिहून टाका: किती जण शाकाहारी, कुणाला कशाची ॲलर्जी आणि सोबत लहान मूल आहे का. ज्या जागी बार आहे तिथे मुलांना संध्याकाळी अमुक वेळेनंतर बसू देत नाहीत, त्यामुळे हे आधी विचारलेलं बरं.

वेळेबद्दल आपल्या लोकांची हमखास चूक होते. आपण रात्री साडेनऊला जेवायला बसणारी माणसं. इथे तोवर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर आवरायला घेतलेलं असतं. बार उघडा दिसतो म्हणून जेवण मिळेलच असं नाही. साडेसहा-सातचं टेबल घ्या. डिसेंबरात पावणेचारला अंधार पडतो, त्यामुळे सहा वाजताही रात्र झाल्यासारखंच वाटतं. जूनमध्ये उलट, दहा वाजेपर्यंत उजेड असतो आणि आई-बाबा भूक नाही म्हणून बसतात. त्यांना दुपारी थोडं चालवा.

खिशाला हात आखडता असेल तर दुपारचं जेवण किंवा ‘प्री-थिएटर’ मेनू बघा. नाटकाला जाणाऱ्यांसाठी संध्याकाळी लवकर दिलं जाणारं हे ठरलेल्या किमतीचं दोन किंवा तीन पदार्थांचं जेवण. तुम्ही नाटकाला जाताय की घरी, हे कुणी विचारत नाही. चिपमध्येच खाली मुख्य रेस्टॉरंट आहे आणि वर ब्रासरी, म्हणजे जरा मोकळं, हलकं जेवण. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी खालचं अंगण सुचवते, त्याचं कारण पुढे येईल.

बुकिंगला क्रेडिट कार्ड मागितलं तर अटी वाचा. एका ठिकाणी, नाव घेत नाही, आमच्या सहापैकी दोघं तापामुळे आली नाहीत, मी कळवायला विसरले आणि त्या दोन रिकाम्या खुर्च्यांचे पैसे कार्डावरून कापले गेले. अट लिहिलेली होती. मीच वाचली नव्हती.

पोचणं, बसणं

ग्लासगोचा सबवे १८९६ पासूनचा. एकच गोल मार्ग, १५ स्टेशनं, नारिंगी छोटे डबे. हिलहेडला उतरा. बाहेर बायर्स रोड लागतो आणि त्याच्या पाठीमागेच ॲश्टन लेन. दगडी फरसबंदी आहे, त्यामुळे साडीवर उंच टाचा घालू नका; हे मी सासूबाईंना नाही, माझ्या बहिणीला सांगून थकले. रविवारी सबवेचं वेळापत्रक वेगळं असतं, परतीची गाडी आधीच बघून ठेवा.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. टाय लागत नाही, ट्रॅकपँट नको, एवढंच. आत शिरल्यावर रिकाम्या टेबलाकडे धाव घेऊ नका. दाराशी थांबायचं, नाव सांगायचं, ते नेऊन बसवतात. आपल्या खानावळीत उठणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहायची सवय इथे मोडावी लागते.

अंगण म्हणजे खरोखरच अंगण: पायाखाली फरसबंदी, वर काचेचं छत, चहूकडे झाडं-वेली आणि पाण्याचा छोटा हौद. बाहेर ग्लासगोचा पाऊस काचेवर ताशा वाजवत असतो आणि आपण खाली कोरडे. जिन्याच्या बाजूच्या भिंतींवर चित्रं दिसतील, ती जरूर बघा. लेखक-चित्रकार अलास्डेर ग्रे यांनी ती रंगवली आणि मोबदल्यात जेवण घेतलं, असं इथे सांगतात. ग्रे २०१९ मध्ये गेले. जेवणाच्या बदल्यात भिंत, हा व्यवहार मला फार आवडतो.

बसल्याबसल्या पाणी विचारतील. ‘स्टिल ऑर स्पार्कलिंग’ या प्रश्नाला घाबरून विकतची बाटली घेऊ नका. ‘टॅप वॉटर’ म्हणा. दारू विकायचा परवाना असलेल्या जागेत मागितल्यावर नळाचं पाणी फुकट द्यावं, असा स्कॉटलंडचा कायदाच आहे. शिवाय ग्लासगोचं पाणी १८५९ पासून लॉख कॅट्रिन या डोंगरातल्या तळ्यातून येतं. ते इतकं मऊ आहे की बाबांनी पहिल्याच दिवशी चहा पिऊन विचारलं होतं, “पाणी कुठलं गं?”

कार्ड वाचणं

इथे सावकाशीने घ्या. कार्ड तीन भागांत असतं: स्टार्टर, मेन आणि पुडिंग. प्रत्येकाने तीनही घेतलेच पाहिजेत असं नाही. दोन माणसांनी एक स्टार्टर वाटून घ्यायचं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, ते जादा प्लेट आणतात. मात्र सगळ्यांनी सगळ्यांच्या ताटात चमचे घालायचे ही आपली पद्धत इथल्या वाढणीला झेपत नाही. ताटल्या लहान, पदार्थ मोजून मांडलेले, प्रत्येकाचं वेगळं.

एका पदार्थाखाली दोन ओळी असतात आणि त्यांत बहुतेक नामंच असतात: मासा, कंद, पाला, सॉस. ‘कसं केलंय’ पेक्षा ‘काय काय आहे’ ते लिहितात. काही शब्द आधी ओळखीचे करून घ्या.

‘कलन स्किंक’ हे सूप आहे. ईशान्य किनाऱ्यावरच्या कलन नावाच्या गावाचं. धुरी दिलेला हॅडक मासा, बटाटा, कांदा आणि दूध. होय, मासा आणि दूध. आमच्या बाबांचा जन्म रत्नागिरीचा. मासे आणि दूध एकत्र खाल्लं की अंगावर कोड फुटतं असं ऐकतच वाढलेले. त्यांनी वाटी हातभर लांब सरकवली, आईने चमचाभर चाखलं, मग अजून चमचाभर आणि बाबांनी वाटी परत ओढून घेतली. कोड काही फुटलं नाही. धुराचा वास आणि बटाट्याचा दाटपणा, थंडीत याच्याइतकं पोटाला बरं वाटणारं दुसरं सूप नाही.

‘आर्ब्रोथ स्मोकी’ हाही हॅडकच, पण जोडीजोडीने शेपटीला बांधून लाकडाच्या धगीवर टांगून शिजवलेला. आपल्या देवगड हापूसला जसं भौगोलिक मानांकन आहे तसं याला २००४ पासून आहे. ‘स्टॉर्नोवे ब्लॅक पुडिंग’लाही २०१३ मध्ये मिळालं. नावात पुडिंग असलं तरी गोड समजू नका. रक्त, चरबी, ओट आणि कांदा भरलेलं ते सॉसेज आहे. रक्ती खाणाऱ्या घरातल्यांना चव लगेच ओळखीची वाटेल, बाकीच्यांनी कार्डावर ते नाव दिसलं की सावध राहावं, कारण ते बऱ्याचदा दुसऱ्याच पदार्थासोबत, बाजूला म्हणून येतं. स्कॅलॉपवर हमखास.

स्कॅलॉप म्हणजे मोठ्या शिंपल्यातला पांढरा, गोल, लुसलुशीत गर. कार्डावर ‘हँड-डाइव्ह्ड’ असेल तर पाणबुड्याने तो हाताने वेचलाय. नसेल तर बहुधा लोखंडी जाळं समुद्राच्या तळावरून फरफटवून काढलाय. किमतीतला फरक तिथून येतो आणि माझ्या मते द्यावा. लँगूस्टीन म्हणजे शेवंडीची सडपातळ धाकटी बहीण. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ही भरपूर सापडते आणि वर्षानुवर्षं ट्रक भरून स्पेन-फ्रान्सला जाते. कार्डावर दिसली की घ्या आणि खुशाल हाताने सोला. काटा-सुरीने लँगूस्टीन खायचा प्रयत्न करणाऱ्यांकडे वेटरही दयेने बघतात. ऑयस्टर म्हणजे आपली कालवं; इथे कच्ची, बर्फावर मांडून, लिंबू पिळून खातात. कालवांचं सुकं खाऊन वाढलेल्यांनी एकच मागवून बघावं.

मोठा मासा, म्हणजे हॅलिबट, हेक, कॉड, आला की त्याच्या तुकड्याच्या मध्यभागी जरा काचेसारखी झाक दिसते. तो कच्चा नाही. इथे मासा पाकळ्या सुटायला लागल्या की लगेच उतरवतात. आपल्याला कुरकुरीत तळलेल्या तुकडीची सवय, त्यामुळे पहिले दोन घास अवघड जातात. परत पाठवायचाच असेल तर संकोच न करता ‘थोडा जास्त शिजवून द्या’ म्हणा, कुणी रागावत नाही. पण आधी तिसरा घास घेऊन बघा.

मांसात ‘व्हेनिसन’ दिसेल, म्हणजे हरीण. आपल्याकडे हरणाची शिकार म्हणजे तुरुंग, त्यामुळे नव्या माणसाला दचकायला होतं. इथे लांडगे केव्हाच संपले, हरणांना मारणारं जनावर उरलं नाही, ती वाढून कोवळी झाडं फस्त करतात म्हणून दरवर्षी ठरवून मारावी लागतात. मांस गर्द लाल, जवळजवळ बिनचरबीचं; मध्ये गुलाबी ठेवूनच देतात, पूर्ण शिजवून मागितलंत तर चामडं चावल्यासारखं होईल. ‘ग्राउस’ हा रानपक्षी. त्याच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होतो आणि १० डिसेंबरला संपतो, त्यामुळे ताजा मिळाला तर त्याच दिवसांत. खाताना जपून. एका दुसऱ्या ठिकाणी बाबांच्या दाताखाली खट्टकन आलं. वेलदोडा असेल म्हणून त्यांनी बोटावर काढून बघितलं तर शिशाचा बारका छर्रा. कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत तशी सूचना होती. बाबांनी तो रुमालात बांधून रत्नागिरीला नेला आणि अजून पाहुण्यांना दाखवतात.

नावं उच्चारायला लाजू नका. उलट इथे आपण इंग्रजांच्या पुढे आहोत. ‘लॉख’मधला घशातला ‘ख’ लंडनच्या माणसाला जमत नाही, तो ‘लॉक’ म्हणतो. आपल्याला जमतो. नाव ऐकलं की देवनागरीत टिपून ठेवा: क्रॅनखन, ऑखेनटॉशन. वेटर खूश होतो.

‘आम्ही हे खात नाही’ हे कसं सांगायचं

ब्रिटनमधल्या कायद्याने रेस्टॉरंटला १४ ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावी लागते: दूध, अंडं, मासे, शेंगदाणे, मोहरी वगैरे. कार्डावर किंवा विचारल्यावर ती मिळते. पण त्या यादीत गोमांस नाही, डुकराची चरबी नाही, कांदा-लसूणही नाही. त्यामुळे ‘ॲलर्जी नाही’ असं सांगून मोकळे झालात तर तुमच्या नेमाची चौकशी कुणीच केलेली नसते. ती वेगळी आणि स्पष्ट सांगायची.

गोमांस न खाणाऱ्यांनी पुढच्या जागा लक्षात ठेवाव्यात. स्कॉटलंडमध्ये नुसतं ‘मिन्स’ म्हटलं की गायी-बैलाचा खिमा. ‘ड्रिपिंग’मध्ये तळलेले बटाटे म्हणजे गुरांच्या चरबीत तळलेले. ‘सूट’ म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी. ती हॅगिसमध्ये असते आणि क्लूटी डंपलिंग या उकडलेल्या गोड पदार्थातही. सॉसच्या खाली बऱ्याचदा हाडांचा रस असतो. एवढंच म्हणा: “नो बीफ, नो बीफ फॅट, नो बीफ स्टॉक प्लीज. कुड यू चेक विथ द किचन?” शेवटचं वाक्य महत्त्वाचं. आत जाऊन विचारून येणाऱ्या वेटरचं उत्तर खरं. जागच्या जागी ‘शुड बी फाइन’ म्हणणाऱ्याचं नाही.

आमच्या सासूबाई माळकरी. पहिल्या खेपेला एका ठिकाणी त्यांच्यासाठी भाज्यांचं सूप मागवलं, अर्धं संपल्यावर कळलं की ते कोंबडीच्या रसात शिजवलंय. भाज्यांचं म्हणजे शाकाहारी, हे मी गृहीत धरलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, चमचा खाली ठेवला आणि दोन दिवस फक्त फळं खाल्ली. तेव्हापासून मी कार्डावरचा ‘व्ही’ बघते आणि तो दिसला तरी स्टॉक, जिलेटिन आणि चीज यांबद्दल विचारते. चीज दाटवायला काही जण वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. परमेजानमध्ये ते असतंच. अंडं चालत नसेल तर तेही वेगळं सांगा, कारण इथल्या शाकाहारात अंडं धरलेलं असतं.

एवढी चाळणी लावल्यावर उरतं काय? पुष्कळ. बीट, रानातले मशरूम, बार्ली, उन्हाळ्याच्या तोंडाशी शतावरीचे कोंब, ताजा बटाटा. आणि शाकाहारी हॅगिस.

हॅगिस

आता त्याच्याकडे वळू, कारण ग्लासगोला येऊन हॅगिस न खाता गेलेल्या माणसाला घरी कुणी ना कुणी विचारतंच.

मेंढीचं काळीज, यकृत आणि फुप्फुसं बारीक करून त्यात भाजलेलं जाडसर ओट, कांदा, चरबी, भरपूर मिरी आणि जायफळ घालतात आणि मेंढीच्या पोटाच्या पिशवीत भरून शिजवतात. आता पिशवी बहुधा कृत्रिम असते. वजडी, कलेजी आवडीने खाणाऱ्या माणसाला यात किळस वाटण्यासारखं काहीच नाही. वजडीसारखं चिवट मात्र नाही. खिम्यात गव्हाची भरड मिसळून मुरवल्यावर लागेल तसं, रवाळ. आणि मिरीमुळे तिखट! संपूर्ण स्कॉटिश जेवणात जिभेला चटका देणारा हाच एक पदार्थ, त्यामुळे आपल्या मंडळींना तो अनपेक्षितपणे आवडतो. अमेरिकेत अन्नात फुप्फुसं चालत नाहीत म्हणून अस्सल हॅगिस तिथे नेता येत नाही. ती बंदीही १९७१ चीच, चिपच्या जन्मसालातली.

सोबत येतात ‘नीप्स अँड टॅटीज’. टॅटीज म्हणजे बटाटा, कुस्करलेला. नीप्स म्हणजे स्वीड, सलगमासारखा कंद, आतून केशरी, किंचित गोड. एका घासात तिन्ही घ्यायचं: तिखट, गोड, मऊ. वेगवेगळं खाऊन ‘काही खास नाही’ म्हणणारे मी पाहिलेत. भेळेतला चुरमुरा वेगळा काढून खाल्ल्यासारखं आहे ते.

चिपचं वैशिष्ट्य म्हणजे व्हेनिसन हॅगिस, मेंढीऐवजी हरणाचं. वर्षानुवर्षं कार्डावर टिकून आहे. स्टार्टरच्या आकारात घ्या, पहिल्यांदा तेवढं पुरतं. गोमांस न खाणाऱ्यांनी चरबी कशाची ते इथेही विचारावं. शाकाहारी हॅगिसमध्ये डाळी, राजमा, भाज्या, ओट आणि तेच मसाले असतात. एडिनबर्गच्या मॅकस्वीन यांनी १९८४ मध्ये ते बाजारात आणलं आणि ते नुसतं पोट भरायला केलेलं नाही, खरंच चविष्ट असतं. सासूबाईंनी त्याला ‘मिरीची उसळ’ असं नाव दिलंय.

२५ जानेवारी ही कवी रॉबर्ट बर्न्स यांची जयंती. त्या रात्री घरोघरी, हॉटेलांत हॅगिस ताटात मिरवत आणतात, सोबत बॅगपाइप असते आणि बर्न्स यांची हॅगिसवरची १७८६ ची कविता म्हणून सुरी खुपसतात. त्या आठवड्यात टेबल मिळणं कठीण, पण मिळालं तर सोडू नका.

तरीही धीर होत नसेल तर आधी शहरातल्या एखाद्या भारतीय किंवा पाकिस्तानी हॉटेलात हॅगिस पकोडा खा. थट्टा नाही, ग्लासगोत तो सर्रास मिळतो, बेसनात बुडवून तळलेला. तिथे ओळख झाली की चिपमध्ये समोरासमोर बसता येईल.

व्हिस्की, घेणाऱ्यांसाठी

न घेणाऱ्यांनी हा भाग सोडून द्यावा. इथे कुणी आग्रह करत नाही.

स्कॉच म्हणवायला व्हिस्की स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरावी लागते. चिपच्या बारमध्ये फडताळभर बाटल्या दिसतील. त्यांच्याकडे बोट दाखवून ‘बेस्ट कुठली’ विचारू नका. धुराचा वास आवडतो का, गोडसर हवी का, एवढं सांगा, बाकीचं बारमनचं काम. पहिल्यांदा घेणाऱ्यांना मी शहराच्या वेशीवरची ऑखेनटॉशन सुचवते, तीनदा ऊर्ध्वपातित आणि हलकी. धुराची हवी तर आयला बेटाची, पण ती पहिल्या घोटाला जुन्या दवाखान्यासारखी लागते.

माप इथे २५ किंवा ३५ मिलिलिटर असतं आणि कुठलं ते लिहून लावावं लागतं. आपल्याकडच्या ६०च्या पेगच्या हिशेबाने बाबांना ग्लास रिकामाच आला असं वाटलं होतं. सोबत छोट्या सुरईत साधं पाणी मागा, थेंब-दोन थेंब घाला, वास उघडतो. बर्फ, सोडा मागितला तरी देतात. गाडी चालवायची असेल तर मात्र एकही नको: डिसेंबर २०१४ पासून स्कॉटलंडची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडच्या ८० पेक्षा बरीच कडक.

गोड आणि चीज

पोटात जागा ठेवा. कार्डावर ओटमील आइस्क्रीम असेल तर दुसरं काही बघू नका. चिपचा हा जुना पदार्थ आहे. भाजलेल्या ओटचा खमंगपणा गार सायीत उतरलेला, मध्येच दाताखाली येणारे कण. बेसन भाजताना घरभर जो वास सुटतो त्याच जातकुळीचा, पण थंड. क्रॅनखनमध्ये फेटलेली साय, भाजलेले ओट, मध, रासबेरी आणि व्हिस्की असते. व्हिस्की नको असेल तर आधी विचारा, कारण ती सायीत मिसळलेली असते, वरून काढता येत नाही. रासबेरीचा हंगाम जून ते सप्टेंबर, तेव्हाचं क्रॅनखन वेगळंच.

चीजच्या फळीवर लॅनार्क ब्लू हे मेंढीच्या दुधाचं निळ्या शिरांचं चीज दिसलं तर कणभर घ्या, खारट आणि जोरदार आहे. क्राउडी सोपं: आपल्या चक्क्याचा आंबूसपणा आणि पनीरचा रवाळपणा एकत्र. सोबतचे ओटकेक म्हणजे केक नव्हेत, कोरड्या खरपूस चकत्या.

बिल

जेवण झालं की काटा-सुरी ताटात शेजारी शेजारी ठेवा. तिरपी, अलग ठेवलीत तर तुम्ही अजून खाताय असं समजून वेटर ताट उचलणार नाही आणि तुम्ही ‘किती वेळ लावतात’ म्हणत बसाल. बिलही मागितल्याशिवाय येत नाही. न मागता बिल आणणं इथे हाकलल्यासारखं मानतात.

कार्डावरच्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो, वर कर चढत नाही. तळाशी सर्व्हिस चार्ज लावलाय का ते आधी बघा. बहुधा १० ते १२.५ टक्के असतो आणि ‘डिस्क्रिशनरी’ लिहिलेलं असलं तर तो तुमच्या मर्जीचा. लावलेला असेल तर वेगळी टिप द्यायची गरज नाही. लावला नसेल आणि सेवा आवडली तर साधारण १० टक्के ठेवतात. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या कायद्याने ही रक्कम कर्मचाऱ्यांनाच द्यावी लागते, मालकाला त्यातलं काही कापता येत नाही, त्यामुळे कार्डने दिली तरी हरकत नाही.

आणि बिलावरून ओढाओढ करायची असेल तर मशीन टेबलावर यायच्या आधी उरकून घ्या. बाबांनी आणि माझ्या नवऱ्याने एकाच वेळी दोन कार्डं पुढे केली तेव्हा मशीन धरून उभी असलेली पोरगी आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली. शेवटी तिने सासूबाईंना विचारलं. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्यांनी पर्स उघडून वीस पौंडांची घडी घातलेली नोट काढली, तिच्या हातात कोंबली आणि मला म्हणाल्या, “हिला विचार, ते आइस्क्रीम घरी करता येतं का.”